निवलेलं ताट

बसने गचका दिला तसं ओनोरीनचं कपाळ पुढच्या बाकाच्या लोखंडी दांडीवर आपटलं, आणि डोळ्यांपुढचे काजवे विझायच्या आत तिला तो झोपलेला माणूस दिसला. व्हिक्टोआर चौकात, टळटळीत दुपारी, जिथे हॉर्नच्या आवाजाने मेलेलाही उठून बसेल अशा जागी, एका खाणावळवालीच्या चुलीमागे छत्रीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसला होता. मान मागे टाकलेली, तोंड अर्धं उघडं. ओठावर एक माशी फिरत होती. साधी घरमाशी, झोपेचा रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीशी तिचा काही संबंध नाही, हे ओनोरीनला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरी तिचा हात ती माशी हाकलायला वर गेला आणि शेजारणीच्या टोपलीला लागला. शेजारीण काही बोलली. ओनोरीनने ऐकलं नाही. तिला चेहरे आठवत नसत, पण माना आठवत. मानेच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून गाठी चाचपायच्या, हेच तिने इतकी वर्षं केलं होतं, आणि ही मान तिच्या बोटांना ठाऊक होती. क्विलू नदीकाठचं इस्पितळ, लांब व्हरांडा, नव्या गोळ्या पहिल्यांदा ज्यांना दिल्या त्यांतला हा एक. प्लासिद. ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणारा पापा प्लासिद. तो बरा झाला म्हणून तिनेच त्याला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचे दोन्ही हात धरून व्हरांड्यात चक्क नाचली होती. शेवटच्या तपासणीला तो आला नाही. गावात निरोप धाडला तर उत्तर आलं, शहरात गेला, पत्ता नाही. आणि आता पत्ता हा असा समोर बसलेला.

गोळी फसली, हे पहिलं मनात आलं. माणसाचा विचार मागाहून आला, आणि तो मागाहून आला याची लाज त्याच्याही मागाहून. "उतरायचंय, थांबव!" ती ओरडली. दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "ममा, आधी सांगायला काय झालं? डोकं आपटल्याशिवाय आठवत नाही का?" गाडीतले लोक हसले. किन्शासात या गाड्यांना 'मृत्यूचा आत्मा' म्हणतात आणि रोज त्यांतच बसतात, तेव्हा कुणाच्या डोकं आपटण्याचं कुणाला काय! ओनोरीन उतरली आणि गटाराच्या कडेला तशीच उभी राहिली. चौक ओलांडायचा होता. पलीकडे गेलं की कळणार होतं, आणि अलीकडे उभं राहिलं तोवर तो नुसताच दुपारी डुलकी काढणारा म्हातारा होता. पुढच्या आठवड्यात बाहेरचे तज्ज्ञ येणार होते. ही गोळी लोकांच्या हाती द्यायची की नाही, ते ठरवणार होते. आपल्या गावात, आपल्या खाटेवर बसून गिळायची गोळी. सुई नको, सलाईन नको, नदी उतरून पलीकडच्या इस्पितळात जायला नको. एका माणसाचा आजार उलटला म्हणून औषध वाईट ठरत नाही, ती स्वतःला समजावत होती. हजारात काहींचा उलटतोच. पण एकाचे दोन व्हायला आणि दोनाचे दहा व्हायला कितीसा वेळ लागतो? मनात पाल चुकचुकायला लागली की तिला हिशेब जमत नसे.

सकाळी निघताना तिची मुलगी म्हणाली होती, "आई, तू मांजर आहेस का गं? गरम काही चालतच नाही तुला." टेबलावर कॉफी निवत पडली होती. नेहमीच पडते. नवरा लग्नापासून सांगतो, "हिला कॉफी दिली काय आणि नदीचं पाणी दिलं काय, सारखंच." ओनोरीन हसून सोडून देते. काहींना तिखट सोसत नाही, काहींना गरम. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? आता चौकाच्या कडेला, डांबरातून वर येणारी झळ पायांना लागत असताना, तिला तोंडात त्या गार कॉफीची चव आली.

आई झोपली होती तीही दुपारचीच. उखळाशी उभी राहून, मुसळ हातात धरून, पीठ कांडता कांडता. मुसळ हळूहळू कलंडलं आणि त्याच्यापाठोपाठ आई. लोक आधी हसले होते. मग नदीकाठच्या दवाखान्यात नेलं, तिथे सोमलाची इंजेक्शनं सुरू झाली. खरंखुरं सोमल, उंदीर मारायचं ते, औषध म्हणून शिरेत सोडलेलं. काचेच्याच सिरिंजने द्यायला लागायचं, कारण प्लास्टिकची त्याने विरघळायची. शिरेतून मिरची ओतल्यासारखं होतं, आई म्हणायची, आणि सुई आत जाताना लुगड्याचा बोळा दातांत धरायची. त्या औषधाबरोबर पथ्य होतं. सहा महिने गरम खायचं नाही, उन्हात जायचं नाही, जड उचलायचं नाही, नवऱ्याजवळ निजायचं नाही. हे कुणी लावून दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. आजोबांच्या वेळच्या एखाद्या नर्सने असेल. सुई टोचल्यावर विसांतला एखादा झटके येऊन मरायचा, आणि तो का मेला हे नातेवाइकांना काहीतरी सांगणं भाग होतं. सोमल मारतं असं म्हणायची सोय नव्हती, मग कसाव्याच्या पिठाचा गरम गोळा, तो फुफू, मारतो असं ठरलं. आई बरीच सुधारली होती. शेवटच्या सुया राहिल्या होत्या. तिने माशाचा गरम रस्सा मागितला, अगदी लहान मुलासारखा हट्ट धरून मागितला, आणि धाकट्या आईने, म्हणजे तिच्या पाठच्या बहिणीने, तो चुलीवरून उतरवून तसाच वाफाळता पाजला. दुसऱ्या दिवशी आईला झटके आले. पुरून परत आल्यावर बायका धाकट्या आईकडे नुसत्या बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात ती होडीत बसून गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. होडीत चढताना तिने ओनोरीनला जवळ घ्यायला हात पुढे केले होते. ओनोरीन वडिलांच्या मागे लपली होती.

पुढे पुस्तकांत तिने वाचलं, की मारत होतं ते औषधच, रश्श्याचा काडीचा दोष नव्हता. कळलं तेव्हा ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडली. तेव्हापासून ती गावोगाव, आंब्याच्या झाडाखाली माणसं जमवून, घसा बसेस्तोवर सांगत आली होती: या नव्या गोळ्यांना पथ्य नाही. उलट पोटभर जेवा आणि मग गिळा. जेवणाशिवाय ही गोळी रक्तात उतरत नाही, आल्या वाटेने निघून जाते. लोक माना डोलवायचे. आपल्याकडचे लोक फार सभ्य, डॉक्टरला नाही म्हणत नाहीत.

ती चौक ओलांडून गेली. चुलीवर दोन मोठी भांडी रटरटत होती. एकात कसाव्याच्या पाल्याची भाजी, एकात खारवलेला मासा. मागे फुफूचं पीठ घोटणारी बाई घामाने निथळत होती. तिने मान वर केली आणि पळी आपटली. "अगं बाई! डॉक्टर ओनोरीन! ए म्हाताऱ्या, ऊठ, बघ कोण आलंय! तुझी नाचणारी डॉक्टर!"

ही आल्फोन्सीन. इस्पितळात नवऱ्याच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि दिवसभर साऱ्या वॉर्डाला हसवायची. तिने पळीच्या दांड्याने नवऱ्याला ढोसलं. एकदा. मग पुन्हा, जरा जोरात. त्याने डोळे उघडले, पण डोळ्यांत तो यायला वेळ लागला.

"डॉक्टर," प्लासिद हसला, "तुम्ही म्हाताऱ्या झालात."

"आणि तुम्ही झोपाळू झालात, पापा."

"रात्रपाळी आहे माझी. एका व्यापाऱ्याच्या गुदामावर पहारा देतो."

"पहारेकऱ्याने रात्री झोपावं असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?" आल्फोन्सीन म्हणाली. "मालक म्हणतो, असा माणूस जन्मात पाहिला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाही. घुबड!"

ओनोरीनही हसली. हसता हसता तिच्या मनात आलं, दिवसा झोपणं आणि रात्री टक्क जागं राहणं हीच तर या रोगाची पहिली खूण. पहारेकरी व्हायला याहून मोठी लायकी कोणती असणार? पण शहरातले सगळेच पहारेकरी दिवसा झोपतात. मग त्या सगळ्यांच्या माना चाचपत फिरायचं का? तिने बोलता बोलता सहज म्हणून त्याच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली काहीतरी घरंगळलं, वाटाण्याएवढं. का तिच्याच बोटाच्या टोकातली नाडी उडत होती? पुन्हा चाचपलं. आहे. नाही. इतकी वर्षं ज्या बोटांवर विसंबून तिने माणसांना बरं आणि आजारी ठरवलं, ती बोटं आज तिच्याशी खोटं बोलत होती, आणि कोणतं खोटं ते कळत नव्हतं.

"राग येतो का हल्ली?"

"याला? हा तर देवमाणूस," आल्फोन्सीन म्हणाली, आणि मग गिऱ्हाइकाला वाढता वाढता, खालच्या आवाजात, "परवा माझ्या भावाच्या मयताला हसला. खदाखदा. लोकांना सांगितलं, प्यायलाय म्हणून. प्यायला नव्हता."

चौकातला गोंगाट एकदम लांब गेल्यासारखा झाला. "पापा, माझ्याबरोबर चला," ओनोरीन म्हणाली. "आत्ता. पाठीतलं थोडं पाणी काढून बघू, बस्स. काही नसेल तर संध्याकाळी परत."

प्लासिदचा चेहरा मिटला. "पाठीत सुई? नाही. एकदा काढलंत, दोनदा काढलंत, बरा झालास म्हणालात, नाचलात. आता पुन्हा कशाला?"

"आजार परतला असेल तर..."

"तर काय कराल?" हे आल्फोन्सीनने विचारलं. तिच्या आवाजातलं हसू पुसून गेलं होतं. "सोमल टोचाल. याच्या थोरल्या भावाला टोचलं होतं. ओरडत मेला तो, मी पाय धरून बसले होते."

"सोमल आता कुणी देत नाही, आल्फोन्सीन. दुसरं आहे. सलाईनमधून. आणि नाही दिलं तर हा असाच झोपत झोपत जाईल. पावसाळ्यापर्यंतसुद्धा राहायचा नाही." हे इतकं उघड तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"परतेल कसा आजार?" आल्फोन्सीन उसळली. "दुसऱ्या बाया अर्ध्यावर कंटाळतात, मी नाही! एवढं पथ्य पाळलं आम्ही! अजून पाळतोय. उन्हात नको म्हणून तर रात्रीची नोकरी धरली याने. आणि हे बघा." तिने चुलीपासून लांब, विटेवर झाकून ठेवलेलं पांढरा मुलामा दिलेलं पत्र्याचं ताट उघडलं. फुफूचा गोळा, कडेने भाजी, माशाचा तुकडा. सगळं गारढोण, वर तेलाची पांढरी साय धरलेली. "साऱ्या शहराला मी गरम वाढते, डॉक्टर, आणि माझ्या माणसाला निवलेलं. तीन वर्षांत याच्या ओठाला वाफ लागू दिली नाही."

"पण तिकडे इस्पितळात," ओनोरीनने सावकाश विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर उत्तर बदलेल, "नर्स तर जेवणाचं ताट गरम आणायची."

"वाफाळतं! आणि गोळी हातात घेऊन उभी. निवायला वेळ कुठला द्यायची ती भवानी? मग ती पुढच्या खाटेकडे वळली रे वळली की मीच खायची. भराभर. ती परत फिरली की ताट रिकामं, हा तोंड पुसतोय, गोळी गिळतोय. त्याला मी माझ्या वाट्याचं मागाहून द्यायची, दुपारी, गार करून. त्या दिवसांत माझ्या टाळूला फोड आले होते, डॉक्टर. बोलता यायचं नाही. आठवतं का, तुम्ही विचारलंत, आल्फोन्सीन आज गप्प कशी?"

आठवत होतं. ओनोरीनने तेव्हा चेष्टाही केली होती. उपाशी पोटी गिळलेल्या गोळ्या. एकेक गोळी त्याच्या अंगातून पाहुण्यासारखी आली आणि गेली, आणि परजीवी मेंदूत जागच्या जागी. म्हणजे गोळी फसली नव्हती! गोळी निर्दोष होती! तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिने खरोखर एक खोल, सुखाचा श्वास घेतला, आणि श्वास अर्धा आत असतानाच समोर बसलेला माणूस तिला दिसला, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरणारा, मरू घातलेला. धाकट्या आईलाही असंच वाटलं असतं का, शेवटी पुस्तकं वाचली असती तर? की आपण निर्दोष होतो, आणि बहीण मेली ती मेलीच?

"मी सांगितलं होतं, आल्फोन्सीन. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. या औषधाला पथ्य नाही."

"सांगितलंत ना," आल्फोन्सीन म्हणाली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट एक प्रकारची आपुलकी होती, दोघींचं गुपित असल्यासारखी. "तोंडाने सांगितलंत. ते गोरे डॉक्टर शेजारी उभे होते, त्यांच्यापुढे तसंच बोलावं लागणार. आम्ही काय खुळे आहोत? पण आम्ही तुमचं ताट बघत होतो. व्हरांड्यात रोज सगळ्यांच्या शेवटी जेवायचात तुम्ही. ताट समोर ठेवून बसायचात, वाफ जाईपर्यंत. बोटाने चाचपून बघायचात, निवलं की मगच घास. सगळा वॉर्ड बघायचा. मी याला म्हटलं, बघ, ही आपल्याकडची पोर आहे, हिला माहीत आहे. तोंडाचं ऐकू नकोस, ताटाचं ऐक."

ओनोरीनला बोलायचं होतं. मला गरम आवडत नाही, एवढंच म्हणायचं होतं, घरी म्हणते तसं. पण ते वाक्य जिभेवर येऊन थांबलं, कारण ते खरं नव्हतं आणि कधीच नव्हतं. लहानपणी तिला गरम आवडायचं. जळता मासा पानावरून उचलून ती या हातातून त्या हातात नाचवत खायची आणि आई म्हणायची, हावरट. मग कधीपासून? होडीपासून. त्या होडीपासून आजपर्यंत तिने एक घास गरम खाल्ला नव्हता. पुस्तकं डोक्यात गेली, हातापर्यंत आलीच नाहीत. सभांत ती एक सांगत राहिली आणि तिचं ताट दुसरंच सांगत राहिलं, आणि लोकांनी, शहाण्या लोकांनी, ताटावर विश्वास ठेवला. किती जणांनी? व्हरांड्यापलीकडच्या प्रत्येक खाटेखाली एकेक बाई टाळू भाजून घेत बसली होती का? ती प्लासिदच्या शेजारी, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"मला वाढ," ती म्हणाली.

"तुम्हाला थोडं निवलेलं..."

"भांड्यातलं. उकळतं. आणि त्यांनाही तेच."

आल्फोन्सीनने तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तो मरेल."

"त्याने मरणार नाही. माझी आई गरम खाऊन मेली असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. ती सोमलाने मेली." हे ती सभांमध्ये सांगत नसे. सभांमध्ये ती फक्त आकडे सांगायची. "वाढ, आल्फोन्सीन."

ताट आलं. वाफ तोंडावर आली तशी ओनोरीनची मान आपोआप मागे गेली, आणि हात घासाकडे जाईना. शिकलेली बाई, पांढऱ्या कोटातली, भर चौकात बादलीवर बसून फुफूच्या गोळ्याला भीत होती. आई उखळाशी कलंडत होती, होडी काठापासून सुटत होती, आणि मागे मासे घेणारं एक गिऱ्हाईक वैतागून म्हणत होतं, "ए ममा, खायचं नसेल तर खुर्ची सोडा." ती बसली होती ती बादली होती, तरी तिला हसू आलं. तिने लचका तोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला. चटका बसला. जीभ, टाळू, घसा सगळं जळत खाली गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. खूप चांगलं लागलं. इतकं चांगलं, की तिला हुंदका आला आणि तो लपवायला तिने लगेच दुसरा घास घेतला.

प्लासिद टक लावून बघत होता. "डॉक्टरने खाल्लं," तो बायकोला म्हणाला, पोरासारखा. "गरम खाल्लं."

"बघितलं मी."

"मग मी?"

आल्फोन्सीनने भांड्यातून वाढलेलं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि हात मागे घेतला नाही, कडेला तसाच धरून ठेवला. त्याने गोळ्याचा तुकडा काढला, बोटं भाजली म्हणून हात झटकला, हसला, पुन्हा काढला. अंगठ्याने खळगा केला, त्यात रस्सा घेतला. घास वर आला. ओठांपासून वीतभर आला आणि थांबला. ओनोरीनला वाटलं, भीती वाटतेय, थोडं थांबावं. आल्फोन्सीनलाही तसंच वाटलं असावं. ती हसून म्हणाली, "खा रे, भित्र्या." मग तिचं हसू गेलं. हात अधांतरी होता. रस्सा मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आला होता, कढत रस्सा, आणि त्याला तो लागत नव्हता. डोळे मिटलेले होते.

"रात्रपाळी असते ना," आल्फोन्सीन पुटपुटली. चौकात एक 'मृत्यूचा आत्मा' हॉर्न वाजवत वळला, गिऱ्हाईक पैसे पुढे करून उभं राहिलं, ते तिने घेतले नाहीत. तिने फडक्याने नवऱ्याचा हात पुसला, हळूच, भाजलेल्या पोराचा पुसावा तसा. त्याच्या मुठीतला घास तिने काढून घेतला. क्षणभर तो तिच्या स्वतःच्या तोंडाकडे जाईल असं ओनोरीनला वाटलं, इस्पितळात जायचा तसा. पण तिने तो त्याच्या ओठांना लावला.

"गाडी बोलवा, डॉक्टर," ती म्हणाली. "मी येते बरोबर. पण आधी हा एवढा घास जाऊ दे याच्या पोटात. ऊठ, म्हाताऱ्या. ऊठ रे. गरम आहे तोवर खा."